पट्ट्यांवरची तेरा मिनिटं

सोमवार, ३

एकतीस वर्षं बस चालवली, तेव्हा रोज ट्रिपशीट भरायचो. किती वाजता सुटलो, किती वाजता पोचलो, मध्ये काय झालं. निवृत्त झाल्यापासून भरायला काही उरलं नव्हतं. आजपासून ही वही, कारण घरात आंदोलन सुरू झालंय आणि त्याची पुढारी माझी बायको आहे.

आमची वसाहत रस्त्याच्या या बाजूला आणि दवाखाना, वाचनालय, पोस्ट सगळं त्या बाजूला. गेल्या वर्षी रस्ता रुंद केला तेव्हा गाड्या सुरळीत जाव्यात म्हणून मधला सिग्नल उपटून नेला. पांढरे पट्टे तेवढे राहिले. पट्ट्यांवर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा, असं कायदा म्हणतो, पण गाडीवाल्यांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या शिंपीणबाईंना तिथेच एका स्कूटरने उडवलं. खुब्याचं हाड मोडलं, अजून अंथरुणाला खिळून आहेत. सिग्नल परत द्या म्हणून आम्ही चार अर्ज केले. चारही विचाराधीन आहेत.

आज आमच्या बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं धरून बारा जण जमलो, सगळे साठीच्या पुढचे. ही शाळेत कवायत शिकवायची, त्यामुळे अजूनही बोलताना समोरच्यांना मनातल्या मनात रांगेत उभं करते. म्हणाली, "रस्ता अडवायचा नाही. नुसता ओलांडायचा. ओलांडून झाला की परत ओलांडायचा. रोज वीस मिनिटं. पट्ट्यांवरून चालणं हा काही गुन्हा नाही. थांबायचं नाही, बसायचं नाही, कोणाशी वाद घालायचा नाही. दोन फेऱ्या झाल्या की मी शिट्टी वाजवीन, मग गाड्यांना जाऊ द्यायचं."

कोपऱ्यावरचे फोटोवाले म्हणाले, "वहिनी, याला आंदोलन नाही म्हणत, याला फेरफटका म्हणतात." सगळे हसले. ही हसली नाही.

मग वेळ ठरवायची होती. सर्वांत जास्त वर्दळ केव्हा असते हे यांच्याइतकं कोणाला ठाऊक, असं म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नऊ चाळीस." हिने चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघितलं आणि वेळ लिहून घेतली.

अडचण एकच आहे. त्या चौकात वाहतूक पोलिसांची जी अधिकारी उभी असते ती आमची लेक, चिमी.

मंगळवार, ४

९.४० ते १०.००. चौदा फेऱ्या. अपघात नाही.

शिंपीणबाईंनी अंथरुणात पडल्या पडल्या बारा कापडी पाट्या शिवून दिल्या, 'आमचा सिग्नल परत द्या'. गळ्यात अडकवायला नाडी, कडेला दुमड, सगळं साग्रसंगीत. माझी पाटी पोटावर जरा आखूड पडते. "माप घ्यायला मिळालं नाही, अंदाजाने बेतली," असा त्यांचा निरोप आला. म्हणजे अंदाजात मी बारीक आहे. बाई दिलदार आहेत.

चिमी चौकाच्या टोकाला हात मागे बांधून उभी होती. आमच्याकडे एकदाही बघितलं नाही. मीही बघितलं नाही, पण ती बघत नाहीये हे मला दिसलं.

शुक्रवार, ७

इथे लपवून काय करू? नऊ चाळीसला त्या रस्त्यावर काळं कुत्रं नसतं.

खरी गर्दी नऊ बाराला. सात नंबर, मागोमाग अकरा नंबर आणि कारखान्याच्या दोन बस. सात नंबर चालवतो बारक्या. त्याला गाडी मी शिकवली. उंची सहा फूट आहे, पण डेपोत आला तेव्हा काडीपैलवान होता, म्हणून ते नाव. एक गाडी आठ मिनिटं लेट झाली की पुढच्या चार फेऱ्या कोलमडतात आणि साहेबाच्या शिव्या बारक्या खातो. मी एकतीस वर्षं रस्ता अडवणाऱ्यांना काचेआडून लाखोली वाहिली आहे. मोर्चे, वरातीसारखे निघालेले पुढारी, रस्त्यात बसलेले विद्यार्थी, सगळ्यांना. आता मीच पाटी घालून बारक्यासमोर कसा उभा राहू?

म्हणून नऊ चाळीस सांगितलं. सगळे माझ्यावर विश्वास टाकून रिकाम्या रस्त्यावर जीव तोडून चालतायत. काल एका दूधवाल्याने सायकलवरून आम्हाला हात केला, तेवढीच जनजागृती.

हिला कळलं तर माझी धडगत नाही. नशीब, तिला बसच्या वेळांमधलं काही कळत नाही.

रविवार, ९

चिमी जेवायला आली होती. दर रविवारी येते. घरात चौकाचा विषय काढायचा नाही असा तिचा नियम, आणि तो तिनेच पहिल्या घासाला मोडला.

"आई, तुम्ही चालताय तोवर मला काही म्हणायचं नाही."

"म्हणूच नकोस."

"पण बसलात, तर मला उठवावं लागेल. नाव लिहावं लागेल. तुझं असलं तरी."

"माझं स्पष्ट अक्षरात लिही," ही म्हणाली. "तुझं अक्षर पहिलीपासून गिचमिड."

"मी चेष्टा करत नाहीये. लोक आत्ताच म्हणतात, हिची आई आहे म्हणून हिने सोडलंय."

हिने तिच्या ताटात न विचारता भाजी वाढली. "कोणी बसणार नाही. मी शब्द देते."

चिमीच्या कपाळावरची आठी गेली. ती तीन वर्षांची असताना ही तिला असाच शब्द द्यायची, सुई टोचायच्या आधी. दुखणार नाही म्हणून. तेव्हाही ती लगेच विश्वास ठेवायची.

गुरुवार, १३

बैठक. फोटोवाले भडकले. "दहा दिवस तंगडतोड केली. कोणी ढुंकून पाहत नाही! ज्याने कोणाचं काही अडत नाही त्याला कोण विचारतं? एकदा बसू या भर रस्त्यात. मग बघा कसे धावत येतात."

ही म्हणाली, "ज्यांनी सिग्नल काढला ते त्या रस्त्याने येतात का? अडकणार कोण, तर बसमधली माणसं. त्यांचा काय गुन्हा?"

"आणि शिंपीणबाईंचा काय गुन्हा होता?"

 "मग मतं घ्या," ही म्हणाली. हात वर करून मतं घेतली. बसण्याच्या बाजूने पाच, विरुद्ध सात. माझा हात विरुद्ध होता आणि तो सगळ्यांच्या आधी वर गेला.

रात्री झोपताना म्हणाली, "दोघांचंही खरं आहे हो." मी म्हणालो, "झोप आता."

मंगळवार, १८

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी ही म्हणाली, "आज लवकर उरकू, मला दहाला दवाखान्यात नंबर लावायचाय." मी म्हणालो, नऊ चाळीस ठरलंय. म्हणाली, "एक दिवस इकडचं तिकडे झालं तर आभाळ कोसळत नाही." तिने परस्पर सगळ्यांना निरोप धाडले होते. दवाखान्यात दहाऐवजी दुपारी गेलं असतं तरी चाललं असतं, पण हिच्यापुढे कोण बोलणार! निव्वळ योगायोगाने आम्ही ऐन गर्दीत सापडलो.

९.१० ला चालायला सुरुवात. ९.१२ ला तिसऱ्या फेरीत, रस्त्याच्या बरोबर मध्ये, हिचा गुडघा गेला. मी शेजारीच होतो. पाय असा लचकला की ती खालीच बसली. तोंड पांढरंफटक. समोर सात नंबर. बारक्याने ब्रेक दाबला, अगदी सफाईने, मी शिकवला तसा.

मी तिला उठवायला वाकलो तेवढ्यात फोटोवाल्यांनी मागून पाहिलं. त्यांना वाटलं, वहिनी बसल्या! ते आनंदाने ओरडले आणि शेजारी मांडी घालून बसले. मग बाकीचे नऊ जण. कोणाला खाली बसायला दोघांचा हात लागला, पण बसले. मी एकटा पट्ट्यांवर उभा. ना चालत होतो, ना बसलो होतो.

चिमी धावत आली. ९.१४. गुडघ्यावर टेकली. "आई, काय झालं?"

"गुडघा."

"उठता येईल का?"

हिने एकदा समोर पाहिलं. बसच्या काचेत चेहरेच चेहरे होते, मागे गाड्या पार वळणापर्यंत, आणि सगळे आमच्या पाट्या वाचत होते. मग म्हणाली, "थांब जरा."

चिमी थांबली. इतर दहा जणांना उठा म्हणून तिने तीनदा बजावलं. कोणी उठेना. हॉर्न, शिव्या, बसमधून उतरून चालू लागलेली माणसं. ९.२५ ला चिमीने हिला दोन्ही काखांत हात घालून उठवलं आणि जवळजवळ उचलून त्या बाजूला नेलं. ही उठली तसे बाकीचेही उठले. चिमीने दहा जणांची नावं लिहून घेतली. हिचं घेतलं नाही, कारण ही बसली नव्हती, पडली होती. मी उभा होतो म्हणून माझंही नाही.

एकूण तेरा मिनिटं. संध्याकाळी डाव्या गुडघ्याला तेल चोळून दिलं. गप्प पडून होती बिचारी.

बुधवार, १९

वर्तमानपत्रात फोटो आला. मधोमध ही. खाली लिहिलंय, 'ज्येष्ठ नागरिकांचा रास्ता रोको'. दुपारी पालिकेची दोन माणसं टेप घेऊन रस्ता मोजून गेली. पंधरा दिवस चालून जे झालं नाही ते तेरा मिनिटांत झालं, असं फोटोवाले जिन्यातून ओरडून सांगून गेले.

मी तेलाची बाटली घेऊन आलो तर ही स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे पुसत होती. म्हटलं, अगं गुडघा! खाली उतरली आणि उजवा पाय धरून बसली. मला वाटत होतं डावा होता. वय झालं माझं.

शुक्रवार, २१

दहाही जणांना नोटिसा आल्या. सार्वजनिक रस्ता अडवल्याबद्दल म्हणणं मांडायला हजर व्हा. फोटोवाल्यांनी ती काचेत लावून दुकानात टांगली, पण शेजारचे पोस्टमास्तर घाबरलेत. आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांचीच पत्रं वाटली, स्वतःला असलं काही कधी आलं नव्हतं. हिच्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसलात म्हणून मी बसलो. तुमच्या नोटिशीत काय लिहिलंय?"

हिला नोटीस नाही. चिमीच्या अहवालात लिहिलं आहे, सदर महिला गुडघा दुखावल्याने खाली पडल्या, रस्ता अडवण्याचा हेतू नव्हता. खरं तेच लिहिलंय. मी पोस्टमास्तरांना तसं समजावून सांगितलं, कसा लचकला, तोंड कसं पांढरं झालं. ही मध्येच उठून आत गेली. तिच्या दुखण्याची चर्चा तिला आवडत नाही.

रविवार, २३

चिमी आली नाही. तिच्या साहेबांनी विचारलंय म्हणे, आईला कसं वगळलं? तिने ताठ मानेने सांगितलं, मी समोर होते, मी पाहिलं, अहवालातल्या शब्दाशब्दाला मी जबाबदार आहे. फोनवर हे ऐकून माझा ऊर भरून आला. हिला सांगितलं तर ती म्हणाली, "असं म्हणाली?" आणि जेवण अर्धं टाकून उठली.

संध्याकाळी मला म्हणाली, "बारक्याला विचारा, त्या दिवशी त्याच्या बसमध्ये कोणाचं काय अडलं." हे काय नवीन खूळ? तरी विचारून आलो. बारक्या रागावला नव्हता. म्हणाला, "मास्तर, ती तेरा मिनिटं मी भरून काढली हो, पण माणसांची कोण भरणार?" एक रात्रपाळीची परिचारिका घरी जायला ताटकळली, कारण तिच्या जागी येणारी याच बसमध्ये होती. एका पोराची नोकरीची लेखी परीक्षा होती. दार बंद झालं. आता वर्षाने.

हिने ते कागदावर लिहून घेतलं. परीक्षेच्या पोराचं ऐकून बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली, दोन्ही पायांवर.

सोमवार, २४

आज सकाळी अकरा वाजता ही चांगली साडी नेसून म्हणाली, "चौकीवर जाऊन येते. यायचं तर या." मला वाटलं चिमीला डबा द्यायचा असेल. डबा नव्हता.

चिमी टेबलामागे होती. आम्हाला पाहून उठली. "आई? घरी बोलू ना."

"घरी मी तुझी आई असते. इथे मला जबाब द्यायचाय."

चिमीने तिच्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं तिला त्याच क्षणी कळलं. मला नाही कळलं. ती म्हणाली, "नातं आहे, मला तुमचा जबाब घेता येणार नाही." आईला तुमचा म्हणाली. मग आतून म्हातारे हवालदार आले, त्यांनी चष्मा लावला, कागद सरळ केला आणि विचारलं, "बाई, तुम्ही पडलात की बसलात?"

"दोन्ही."

"असं लिहिता येत नाही."

"येतं. लिहा. नऊ बाराला पडले. दोन मिनिटं खरंच उठता येत नव्हतं. मग पाय सरळ झाला. तोवर लेक आली होती. तिला गुडघा म्हणाले ते खरं होतं. थांब जरा म्हणाले ते खोटं. सगळे पहिल्यांदाच आमच्याकडे बघत होते, मला उठवेना. पहिली दोन मिनिटं गुडघ्याची, पुढची अकरा माझी. बाकीचे माझ्याकडे बघून बसले, म्हणून पहिलं नाव माझं लिहा. त्या अकरा मिनिटांत एका मुलाची परीक्षा हुकली, तेही लिहा. आणि माझ्या लेकीने जे पाहिलं तेच लिहिलं. तिला फसवलं मी."

मी वही घरी ठेवून आलो होतो, नाहीतर मंगळवारचं पान तिथल्या तिथे खोडलं असतं. आठवडाभर चोळलेलं तेल आठवलं. राग यायला हवा होता, पण तिची मान इतकी ताठ होती की मला लग्नाआधीची ती आठवली, शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभी असलेली.

हवालदारांनी वाचून दाखवलं. हिने सही केली. चिमी सगळा वेळ भिंतीशी सावधानमध्ये उभी होती. डोळे भरले होते, पण पुसायला हात हलवला नाही.

घरी येताना मी म्हणालो, "नऊ बाराला मुद्दाम नेलंस?"

"हो. चालण्यासाठीच नेलं होतं, बसण्यासाठी नाही. एवढं तरी माना."

"म्हणजे माझं नऊ चाळीस..."

"एकतीस वर्षं तुमच्या वेळापत्रकावर माझी चूल पेटली. मला वेळा माहीत नसतील?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तुमच्या माणसांना सांभाळत होतात. मला ते आवडलं होतं." थोडं पुढे जाऊन म्हणाली, "त्याने माझं आंदोलन बसलं, ते वेगळं."

मी तिचा हात धरला. भर रस्त्यात, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तिने सोडवून घेतला नाही.

संध्याकाळी सहाला चिमी दारात आली. गणवेशातच. आत येईना. म्हणाली, "दुरुस्तीचा अहवाल दिला. माझा अहवाल चुकीचा ठरला, असं स्वतःच्या हाताने लिहिलं. चौकशी होईल. चौक काढून घेतलाय, उद्यापासून आत, फायली. तुला नोटीस निघाली. ती मीच घेऊन आले, दुसऱ्या कोणाच्या हातून नको म्हणून." तिने लिफाफा पुढे केला. हिने पोचेच्या वहीवर सही करून तो घेतला.

"जेवून जा," ही म्हणाली.

"नोटीस बजावायला गेलेल्या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नसतं." आणि गेली.

ही दार उघडं ठेवून तिथेच उंबऱ्याजवळ बसली. मी दिवा लावला, तरी बसून. "माझ्या शब्दावर तिने नोकरी टांगली होती हो," एवढंच दोनदा म्हणाली. मीही शेजारी बसलो.

पावणेआठला जिन्यावर पावलं वाजली. चिमी. गणवेश नव्हता, घरातला जुना ड्रेस, केस ओले. आमच्या दोघांच्या मधून वाट काढत आत गेली, ताट घेतलं आणि टेबलाशी बसली.

"आता वाढ."

ही उठली. वाढताना अर्धा भात टेबलावर सांडला. चिमीने तो वेचून ताटात घेतला. खाली मान घालून खात राहिली. मग म्हणाली, "परत कधी बसायचं झालं तर मला आधी सांगशील?"

"सांगितलं तर तू अडवशील."

"अडवणारच. ते माझं काम आहे."

"मग सांगेन," ही म्हणाली. "आणि पहिलं नाव माझं देईन."

चिमीने डोळे पुसले, ताट पुढे केलं आणि म्हणाली, "भाजी वाढ अजून, आणि स्वतःचंही घे. सकाळपासून जेवली नाहीस, बाबांनी फोनवर सांगितलं मला."

मी तसं काही सांगितलं नव्हतं. पण गप्प बसलो.